पायथनमधील चकवा देणारा त्रुटीसंदेश : स्ट्रिंग फॉरमॅटिंगची चूक कशी शोधावी?

संगणकाची भाषा शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या काही दिवसांतच एक ठरावीक स्वाध्याय दिला जातो. वापरकर्त्याकडून एक संख्या घ्यायची आणि ती सम आहे की विषम, हे पडद्यावर दाखवायचे. पायथन भाषेत हा प्रोग्राम चार ओळींत संपतो. 'इनपुट' या फंक्शनने संख्या घ्यायची, तिला २ ने भागून उरणारी बाकी पाहायची; बाकी शून्य असेल तर सम, अन्यथा विषम. विद्यार्थी प्रोग्राम चालवतो, ७ हा अंक टंकित करतो आणि उत्तराऐवजी पडद्यावर येते : 'टाइपएरर : नॉट ऑल आर्ग्युमेंट्स कन्व्हर्टेड ड्युरिंग स्ट्रिंग फॉरमॅटिंग'. म्हणजे, स्ट्रिंगची मांडणी करताना दिलेली सर्व मूल्ये वापरली गेली नाहीत.

विद्यार्थी गोंधळतो, आणि त्याचा गोंधळ रास्त आहे. त्याने कोणत्याही स्ट्रिंगची मांडणी केलेलीच नाही. त्याने केला आहे तो भागाकार. पायथनचे बहुतेक त्रुटीसंदेश सुबोध असतात, अशी या भाषेची ख्याती आहे. हा संदेश मात्र खरे तेच सांगूनही वाचणाऱ्याला भलत्याच दिशेला नेतो. अनुभवी प्रोग्रामरांनाही तो अधूनमधून गाठतो, आणि त्यांच्या बाबतीत नुकसान एका स्वाध्यायापुरते राहत नाही. त्यामुळे या संदेशामागची यंत्रणा एकदा नीट समजून घेणे इष्ट ठरते. (येथे वाचनाच्या सोयीसाठी पायथनमधील आज्ञा व चिन्हाक्षरे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष संगणकावर ती रोमन लिपीतच टंकित करावी लागतात.)

एक चिन्ह, दोन कामे

सारा घोळ % या टक्केचिन्हाचा आहे. पायथनमध्ये या चिन्हाला दोन स्वतंत्र अर्थ आहेत. चिन्हाच्या डावीकडे संख्या असेल तर ते भागाकाराची बाकी काढते. ७ % २ याचे उत्तर १. डावीकडे स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची मालिका असेल, तर तेच चिन्ह स्ट्रिंगमधील रिकाम्या जागा भरण्याचे काम करते. शाळेतील 'रिकाम्या जागा भरा' हा प्रश्न येथे चपखल बसतो. 'नमस्कार, %एस' या स्ट्रिंगमध्ये '%एस' ही रिकामी जागा आहे; तिच्यापुढे % चिन्ह देऊन एखादे नाव लिहिले, की ते नाव त्या जागी जाऊन बसते. '%एस' मध्ये कोणतेही मूल्य चालते, '%डी' मध्ये संख्याच लागते, '%एफ' दशांश अपूर्णांकासाठी असते. ही पद्धत सी भाषेतील 'प्रिंटएफ' या फंक्शनवरून आलेली आहे. नेदरलँड्समधील अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या गणित व संगणकशास्त्र संशोधन संस्थेत काम करणारे गिडो व्हॅन रॉसम यांनी १९८९ च्या अखेरीस पायथनचे काम सुरू केले आणि १९९१ मध्ये ती प्रथम प्रकाशित केली. त्या काळातील प्रोग्रामर मंडळींच्या हाताला सी भाषेचे वळण होते.

आता विद्यार्थ्याच्या प्रोग्रामकडे परत पाहू. वापरकर्त्याने ७ टंकित केले, तरी 'इनपुट' हे फंक्शन ते मूल्य संख्या म्हणून देत नाही. ते देते '७' हे अक्षर, एका अक्षराची स्ट्रिंग. म्हणजे डावीकडे स्ट्रिंग आहे. पायथनच्या दृष्टीने '७' % २ याचा अर्थ झाला : ''७' या वाक्यातील रिकाम्या जागेत २ भरा'. त्या वाक्यात रिकामी जागाच नाही. २ उरतो. 'दिलेली सर्व मूल्ये वापरली गेली नाहीत', ही तक्रार त्या उरलेल्या २ ची आहे.

उपाय एका शब्दाचा. 'इनपुट'चे उत्तर 'इंट' या फंक्शनमधून काढून घेतले, की स्ट्रिंगची संख्या होते आणि भागाकार सुरळीत होतो. लीप वर्ष ओळखण्याच्या प्रोग्राममध्ये वर्षाला ४ ने भागताना, किंवा स्वल्पविरामांनी विलग केलेल्या सीएसव्ही फाइलमधून वाचलेल्या आकड्यांवर गणित करताना हीच चूक घडते. फाइलमधून आलेला मजकूर हा आधी मजकूरच असतो. तो संख्येसारखा दिसला म्हणून संख्या होत नाही.

या चुकीला एक ऐतिहासिक पदरही आहे. पायथनच्या दुसऱ्या पिढीत 'इनपुट' हे फंक्शन टंकित केलेला मजकूर पायथनची पदावली समजून तिचे मूल्य काढत असे. तेथे ७ लिहिले की खरोखरच ७ ही संख्या मिळे. मजकूर जसाच्या तसा हवा असल्यास 'रॉ_इनपुट' हे वेगळे फंक्शन होते. वापरकर्त्याने लिहिलेली कोणतीही आज्ञा थेट चालवणे धोक्याचे असल्याने ३ डिसेंबर २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या पायथन ३.० मध्ये जुने 'इनपुट' काढून टाकले गेले आणि 'रॉ_इनपुट'ला 'इनपुट' हे नाव मिळाले. दुसऱ्या पिढीचा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० पासून संपुष्टात आला. परंतु जुन्या पुस्तकांतील व टिपणांतील उदाहरणे अजूनही हाताशी असतात. ती तिसऱ्या पिढीच्या पायथनवर जशीच्या तशी उतरवून घेतली, की सम-विषमाचा तोच प्रोग्राम कोलमडतो. पुस्तक चूक नसते, विद्यार्थीही चूक नसतो. दोघांमधला पायथन बदललेला असतो.

खरोखरीच मांडणी चुकते तेव्हा

जेथे स्ट्रिंगची मांडणी खरोखरच अभिप्रेत असते, तेथेही हा संदेश अनेक वाटांनी येतो. सर्वांत सरळ वाट म्हणजे रिकाम्या जागा दोन आणि मूल्ये तीन. ही चूक डोळ्यांना दिसते. न दिसणारी चूक टपलची. कंसात स्वल्पविरामांनी विलग केलेल्या मूल्यांच्या संचाला पायथनमध्ये टपल म्हणतात. एकाहून अधिक जागा भरायच्या असतील तर मूल्ये टपलमध्येच द्यावी लागतात. समजा, एका व्हेरिएबलमध्ये पुण्याचे अक्षांश व रेखांश (१८.५२, ७३.८५) असे टपलच्या रूपात आहेत आणि प्रोग्रामरला ही जोडी 'ठिकाण : %एस' या एकाच जागेत छापायची आहे. पायथन ही जोडी एक वस्तू मानत नाही. ती उलगडून दोन मूल्ये करते, पहिले जागेत भरते आणि दुसरे उरले म्हणून तक्रार करते. येथे ते टपल दुसऱ्या एकमूल्यी टपलमध्ये गुंडाळावे लागते, म्हणजे (ठिकाण,) असे लिहावे लागते. शेवटचा स्वल्पविराम महत्त्वाचा. पायथनमध्ये टपल कंसाने होत नाही, स्वल्पविरामाने होते. (ठिकाण) म्हणजे नुसतेच ठिकाण.

या दोषाचा त्रासदायक भाग असा की, तो नेहमी प्रकट होत नाही. त्याच व्हेरिएबलमध्ये कधी साधी संख्या, कधी एकच मूल्य असलेले टपल आले, तर प्रोग्राम बिनतक्रार चालतो. चाचणीच्या वेळी एकमूल्यी माहिती वापरली गेली असेल, तर चूक महिनोन्‌महिने दडून राहू शकते. लिस्टचे वर्तन तर आणखी वेगळे आहे. दोन जागा आणि दोन मूल्यांची लिस्ट दिली, की पायथन त्या लिस्टला एकच मूल्य मानून 'मूल्ये अपुरी आहेत' असा उलट संदेश देते. आणि ज्या स्ट्रिंगमध्ये रिकामी जागाच नाही, तिच्यापुढे लिस्ट किंवा डिक्शनरी दिली तर कोणतीच तक्रार होत नाही. स्ट्रिंग आहे तशी परत मिळते. डिक्शनरीच्या बाबतीत याला कारण आहे. तेथे जागा नावाने भरल्या जातात आणि काही नावे न वापरली जाणे गैर नसते. लिस्टला ही सवलत केवळ अंतर्गत रचनेच्या ओघात मिळाली आहे.

दुसरा मोठा उगम म्हणजे दोन पद्धतींची सरमिसळ. २००८ मध्ये पायथन २.६ व ३.० या आवृत्त्यांबरोबर महिरपी कंसांची 'फॉरमॅट' ही पद्धत आली. त्यात रिकामी जागा {} अशी दाखवतात आणि स्ट्रिंगपुढे टिंब देऊन 'फॉरमॅट' हे नाव लिहितात. हाताला जुने वळण असल्यास जागा महिरपी कंसाची आणि पुढे चिन्ह मात्र % असे होऊन जाते. टक्केचिन्हाला महिरपी कंस ओळखता येत नाहीत. त्याला जागा दिसत नाही, मूल्य उरते आणि तोच संदेश येतो. उलट दिशेची सरमिसळ अधिक घातक, कारण ती मूक आहे. '%एस' लिहून पुढे 'फॉरमॅट' वापरले तर त्रुटी येतच नाही. ग्राहकाला गेलेल्या पत्रात नावाच्या जागी '%एस' हीच अक्षरे छापली जातात.

तिसरा उगम क्रियांच्या अग्रक्रमाचा. % हे चिन्ह + या चिन्हाच्या आधी काम करते, कारण पायथनच्या व्याकरणात त्याची पायरी गुणाकार-भागाकाराची आहे. लांबलचक वाक्य दोन ओळींत तोडून + ने जोडले आणि शेवटी % देऊन दोन मूल्ये लिहिली, तर ती दोन्ही मूल्ये केवळ दुसऱ्या तुकड्याला मिळतात. त्यात जागा एकच असल्यास एक मूल्य उरते. संपूर्ण वाक्याभोवती कंस घातला की प्रश्न मिटतो. 'प्रिंट'च्या कंसाचेही तसेच. बंद कंसानंतर % लिहिले तर पायथन ३ मध्ये 'प्रिंट'ने परत दिलेल्या 'नन' या रिक्त मूल्यावर % चालवण्याचा प्रयत्न होतो आणि वेगळाच संदेश येतो. दुसऱ्या पिढीत 'प्रिंट' हे फंक्शन नसून विधान होते. तेथे हीच ओळ बिनबोभाट चालत असे.

मराठी वाक्यातील टक्का

मराठी मजकूर हाताळणाऱ्यांना एक खास अडचण भेटते. 'वीजबिलात १०% दरवाढ, ग्राहक : %एस' असे वाक्य घ्या. यातील पहिला टक्का खराखुरा टक्का आहे. पण वाक्यापुढे % देऊन नाव भरायला सांगितले, की पायथन तोही रिकाम्या जागेचा आरंभ समजते. टक्क्यानंतरची मोकळी जागा ही मांडणीची एक वैध खूण आहे, म्हणून ती सोडून पुढचे अक्षर पाहिले जाते. ते 'द' असते. मांडणीचे असे अक्षर पायथनला ठाऊक नाही, आणि 'अनसपोर्टेड फॉरमॅट कॅरेक्टर' हा संदेश येतो. त्यातही मौज अशी की, आजवरच्या प्रचलित आवृत्त्यांत रोमन मूळ संचाबाहेरील अक्षर संदेशात छापले जात नाही. त्याच्या जागी प्रश्नचिन्ह येते आणि पुढे ०एक्स९२६ असा क्रमांक. हा क्रमांक म्हणजे युनिकोडमधील 'द'. देवनागरीचा विभाग ०९०० ते ०९७एफ असा असल्याने ९ ने सुरू होणारा तीन अंकी क्रमांक दिसला, की मजकुरातील मराठी शब्दांपुढचा टक्का शोधावा. उपाय म्हणजे खरा टक्का दोनदा लिहिणे : १०%% दरवाढ.

इंग्रजी वाक्यात हाच प्रकार अधिक फसवा होतो. '५०% ऑफ' मधील टक्का, मोकळी जागा आणि रोमन 'ओ' मिळून अष्टमान पद्धतीने संख्या छापण्याची आज्ञा तयार होते. '१०% डिस्काउंट' मध्ये '%डी' दडलेले असते. ते मागाहून येणाऱ्या जागेसाठी ठेवलेली रक्कम आधीच गिळते, आणि 'मूल्ये अपुरी आहेत' असा आरोप प्रोग्रामरवर होतो.

डेटाबेस : येथे जपून

या साऱ्या प्रकरणात खरी जोखीम आहे ती डेटाबेसच्या कामात. पोस्टग्रेस व मायएसक्यूएल यांच्याशी पायथन जोडणारी प्रचलित ड्रायव्हर-मॉड्यूल्स आपल्या क्वेरीमध्ये रिकाम्या जागेसाठी '%एस' हेच चिन्ह वापरतात. मात्र तेथे मूल्ये % ने जोडायची नसतात. क्वेरी आणि मूल्यांचा संच ही 'एक्झिक्यूट' फंक्शनला स्वल्पविराम देऊन स्वतंत्रपणे द्यायची असतात. मूल्य सुरक्षित रूपात बसवण्याची जबाबदारी मग मॉड्यूलची असते.

आता 'गाव = %एस' अशी क्वेरी लिहिली आणि मूल्य ('बीड') असे दिले. स्वल्पविराम नसल्यामुळे ते टपल नाही, नुसती स्ट्रिंग आहे. सायकोपीजी २ हे पोस्टग्रेसचे मॉड्यूल तिला मूल्यांची मालिका समजते. युनिकोडच्या हिशेबाने ब, दीर्घ वेलांटी व ड अशी ही तीन मूल्ये होतात. जागा एक, मूल्ये तीन. तोच परिचित संदेश. परंतु तुकडीचे नाव म्हणून 'अ' हे एकच अक्षर दिले असते, तर सारे सुरळीत चालले असते. चाचणीत 'अ' तुकडी वापरणाऱ्याला ही चूक सापडणार नाही.

येथपर्यंत केवळ गैरसोय आहे. धोका पुढच्या पावलात आहे. वैतागलेला प्रोग्रामर मधला स्वल्पविराम काढून त्याजागी % टाकून पाहतो. संदेश नाहीसा होतो, अवतरणचिन्हे हाताने घातली की क्वेरी चालू लागते आणि प्रकरण मिटल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात आता वापरकर्त्याने लिहिलेला मजकूर क्वेरीच्या अंगातच मिसळू लागतो. प्रथम खटकते ते निरुपद्रवी नाव. गोव्यात किंवा वसईत डि'सोझा हे आडनाव रोमन लिपीत लिहिताना मध्ये अवतरणचिन्ह येते आणि क्वेरी तेथेच तुटते. जी गोष्ट डि'सोझांच्या बाबतीत अपघाताने होते, ती एखादा उपद्रवी मनुष्य हेतुपुरस्सर करू शकतो : अवतरणचिन्हाने मूल्य संपवायचे आणि पुढे स्वतःची अट जोडून सारी नोंदवही उघडायची. एसक्यूएल इंजेक्शन या नावाने ओळखला जाणारा हल्ला तो हाच. योग्य दुरुस्ती एका स्वल्पविरामाची होती : ('बीड',).

माहितीच्या विश्लेषणासाठी पांडास ही लायब्ररी वापरणाऱ्यांनाही हा संदेश अनपेक्षितपणे भेटतो. मायएसक्यूएलची थेट जोडणी दिली असता पांडास ती एसक्यूलाइटची समजून प्रश्नचिन्हाच्या जागा असलेली क्वेरी धाडते; मायएसक्यूएलच्या मॉड्यूलला त्यात एकही '%एस' सापडत नाही. संदेशात 'एसक्यूलाइट_मास्टर' हे नाव दिसले, की कारण निश्चित. तेथे एसक्यूएलअल्केमीचे इंजिन वापरावे लागते.

नोंदी हरवतात तेव्हा

प्रोग्राममधील घडामोडींची नोंद ठेवणारे 'लॉगिंग' मॉड्यूल आतून % चीच पद्धत वापरते. नोंदीच्या वाक्यात '%एस' लिहायचे विसरून पुढे नुसते मूल्य दिले, तर मांडणी फसते. पण लॉगिंग हे प्रोग्राम थांबवत नाही. ते 'लॉगिंग एरर' असे शीर्षक देऊन तपशील त्रुटींच्या प्रवाहात छापते आणि पुढे जाते. विकसकाच्या पडद्यावर हे दिसते. सर्व्हरवर तो प्रवाह कोठेही साठवला जात नसेल, तर नोंद फाइलमध्ये उतरत नाही आणि ती उतरली नाही हेही कोणाला कळत नाही. नेमक्या बिघाडाच्या क्षणाची नोंद अशी गहाळ होण्याचा संभव अधिक असतो, कारण बिघाड हाताळणाऱ्या ओळी नेहमीच्या चाचण्यांत क्वचितच चालतात. त्याच ओळींतील साध्या अपवाद-संदेशाची मांडणी फसली, तर पायथन ३ दोन्ही त्रुटी एकाखाली एक दाखवते. खालची त्रुटी मांडणीची असते. मूळ दुखणे वरच्या त्रुटीत असते, आणि सवयीने डोळा जातो तो खालच्या ओळीवर.

शोध घेण्याची रीत

संदेश दिसताच स्ट्रिंगमधील जागा मोजत बसू नये. आधी ट्रेसबॅकने दाखवलेली ओळ पाहावी आणि तीत % आहे का ते बघावे. असल्यास त्याच्या डावीकडील वस्तूचा प्रकार 'टाइप' या फंक्शनने तपासावा. अभिप्रेत असलेली क्रिया भागाकाराची आणि प्रकार स्ट्रिंगचा, असे असेल तर शोध तेथेच संपला. 'प्रिंट'ने मूल्य छापून पाहणे येथे उपयोगाचे नाही, कारण संख्या ७ आणि अक्षर '७' पडद्यावर सारखेच दिसतात. 'रेप्र' या फंक्शनने छापल्यास अक्षराभोवती अवतरणचिन्हे येतात. डावीकडे स्ट्रिंगच अपेक्षित असेल, तर उजवीकडील वस्तू टपल आहे का, याची खात्री करावी. दर्शवलेल्या ओळीत % नसेल, किंवा ओळ एखाद्या लायब्ररीतील असेल, तर डेटाबेस अथवा लॉगिंगकडे वळावे आणि ट्रेसबॅकमध्ये वर जात स्वतःच्या प्रोग्रामची शेवटची ओळ गाठावी.

ऑक्टोबर २०२२ मधील पायथन ३.११ पासून ट्रेसबॅकमध्ये ओळीचा नेमका कोणता भाग फसला, हे खाली खुणा करून दाखवले जाते. एका ओळीत तीन ठिकाणी % असल्यास ही सोय मोलाची ठरते. शिवाय पायलिंट व पायफ्लेक्स यांसारखी परीक्षक साधने प्रोग्राम न चालवताच, स्ट्रिंग समोर लिहिलेली असल्यास, जागा व मूल्ये यांचा ताळा घेतात.

डिसेंबर २०१६ मधील पायथन ३.६ पासून आलेल्या एफ-स्ट्रिंगमध्ये मूल्य थेट महिरपी कंसात लिहिले जाते, त्यामुळे जागा आणि मूल्ये यांची जोडी चुकण्याचा प्रश्नच उरत नाही. नव्या प्रोग्रामसाठी तीच पद्धत श्रेयस्कर. मात्र आरंभीचे 'एफ' अक्षर विसरले तर कंस आणि नाव जसेच्या तसे छापले जातात, तेही निमूटपणे. क्वेरी लिहिण्यासाठी तर एफ-स्ट्रिंग % इतकीच वर्ज्य आहे. जुनी % पद्धत काढून टाकलेली नाही. लॉगिंग व डेटाबेस यांच्यामुळे ती नव्या प्रोग्रामरलाही वाचता यावी लागते.

सम-विषमाच्या प्रोग्रामसंबंधी मराठी वापरकर्त्यांच्या उपयोगाची एक बाब अशी : 'इंट' हे फंक्शन देवनागरी अंकही स्वीकारते. वापरकर्त्याने १२ हे देवनागरीत टंकित केले तरी त्याची बारा ही संख्याच होते आणि २ ने भागाकार बिनचूक होतो. उत्तर छापताना मात्र '%डी' ती संख्या इंग्रजी अंकांतच दाखवते. देवनागरी अंक हवे असल्यास ते 'ट्रान्सलेट' फंक्शनने वेगळे बदलून घ्यावे लागतात.